रनिंग स्टार्ट: नाव शाळेत, वर्ग कॉलेजात

सिएटलच्या आसपासच्या मराठी घरांमध्ये मूल दहावीत गेलं की दोन विषय हमखास निघतात, एक म्हणजे एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती घ्यायच्या आणि दुसरा म्हणजे रनिंग स्टार्ट करायचं का. मी दुसरं केलंय, त्यामुळे गणपतीला, हळदीकुंकवाला, कुठेही आईच्या मैत्रिणी मला गाठतात आणि मी दर वेळी अर्धवटच सांगते कारण ताट वाढलेलं असतं. म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. लांबलंय, चालवून घ्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली कायदा केला की सरकारी शाळेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना शाळेत नाव ठेवूनच कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे जवळच्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात) जाऊन कोर्स करता येतील, ट्यूशन फी मुलांनी भरायची नाही, आणि तोच कोर्स दोन्हीकडे धरला जाईल. (मिनेसोटाने हे १९८५ मध्येच सुरू केलं होतं, म्हणजे ही आयडिया तशी जुनीच आहे.) हिशोब असा की कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं एक अख्खं क्रेडिट. शाळेत जे वर्षभर शिकतात ते कॉलेजमध्ये दहा-अकरा आठवड्यांच्या एका क्वार्टरमध्ये उरकतं. ऐकायला भारी वाटतं. आहेही. पण त्यात एक गोम आहे आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय: क्रेडिट मिळवणं हे फार अवघड नाहीये, ते पुढे नेमकं कुठे बसणार आहे हे बघणं हेच खरं काम आहे, आणि ते काम कुणी आपणहून करून देत नाही.

मी २०२२ च्या उन्हाळ्यात सांगलीहून इथे आले. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि लगेच बॅगा. बाबा एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आधीपासून सिएटलजवळच्या बॉथेलला होते, मग आई, मी आणि धाकटा भाऊ असे आलो. तिकडे माझ्या मैत्रिणी विलिंग्डनला अकरावीला गेल्या, युनिफॉर्म सुटला, स्कूटी आली, कॅन्टीनचे फोटो रोज स्टेटसला, आणि मी इथे परत शाळेत! बेल वाजली की पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाच्या वर्गात पळायचं आणि बाथरूमला जायचं तर हातात पास घेऊन. हे मला इतकं झोंबत होतं की काउन्सेलर बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं, अकरावीपासून कॉलेजला जाता येतं, तर मी पुढचं काही ऐकलंच नाही. ट्यूशन वाचेल, डिग्री लवकर होईल वगैरे विचार बाबांचे, माझा विचार फक्त तो पास.

पहिलं कोडं म्हणजे सांगलीची नववी-दहावी इथल्या हिशोबात बसवणं. वॉशिंग्टनमध्ये हायस्कूल डिप्लोमाला २४ क्रेडिट्स लागतात, ती नववीपासून मोजतात, आणि माझ्याकडे काय तर बोर्डाची एक मार्कशीट, त्यावर विषय आणि मार्क. तास किती, लॅब किती, काही नाही. शाळेने बरंच समजूतदारपणे घेतलं: मराठी आणि हिंदी मिळून वर्ल्ड लँग्वेज सुटलं, गणित-विज्ञान-समाजशास्त्र धरलं. अडलं ते पीटीवर. मार्कशीटवर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला ग्रेड आहे हो, पण इथे हेल्थ अँड फिटनेसची वेगळी क्रेडिट्स लागतात आणि त्या एका अक्षरावर ती द्यायला ते तयार नव्हते. मग काय, सकाळी पहिल्या तासाला पीई, थंडीत पळून घामाघूम, आणि तिथून बस पकडून कॉलेज, असं माझं अकरावीचं निम्मं वर्ष गेलंय. सिव्हिक्सचंही (नागरिकशास्त्राचं) अर्धं क्रेडिट लागतं, ते मात्र कॉलेजच्या अमेरिकन गव्हर्नमेंट कोर्समध्ये भागलं. त्यामुळे मुलांच्या आईवडिलांना माझं पहिलं सांगणं हे असतं की कॉलेजचा कॅटलॉग उघडायच्या आधी शाळेच्या काउन्सेलरकडून एक यादी घ्या, डिप्लोमासाठी काय काय बाकी आहे त्याची. लेखी घ्या. नाहीतर बारावीच्या मे महिन्यात मुलाकडे कॉलेजचे ढीगभर क्रेडिट्स असतात आणि शाळेचं आर्ट्सचं एक राहिलेलं असतं, असं घडलेलं बघितलंय.

मग प्लेसमेंट. म्हणजे तुम्ही कॉलेजच्या पातळीचं इंग्लिश आणि गणित करू शकता का ते ठरवणं. इंग्लिशचं सुरळीत झालं. गणिताला ॲलेक्स नावाची कॉम्प्युटरवरची टेस्ट होती, प्रश्न तीसएक, बरोबर देत गेलं की पुढचे अवघड येतात. आमची बॅच कोविडवाली, नववी जवळपास मोबाईलवरच झाली आणि दहावीला बोर्डाने २५ टक्के अभ्यासक्रम कमी केलेला, तरी द्विघाती समीकरणं, त्रिकोणमिती वगैरे पटापट गेलं कारण सूत्रं तोंडपाठ. आणि मग आलं लॉगरिदम. आपल्याकडे ते अकरावीला असतं, मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पुढचा प्रश्न तर असा की एक आलेख दिलाय, तो तीन घरं डावीकडे सरकवला तर समीकरण काय होईल. मी स्क्रीनकडे बघत बसले. सरकवायचा कशाला मुळात? बरं, ॲलेक्सचं एक चांगलं आहे की ती परत देता येते, मधल्या काळात तिच्याच सराव मॉड्यूलमध्ये काम करायचं, ते मी दिवाळीच्या सुमारास बसून केलं आणि प्रीकॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला पात्र झाले.

हे मी एवढं रंगवून का सांगतेय तर गणित ही इथे साखळी आहे. प्रीकॅल्क्युलस एक, प्रीकॅल्क्युलस दोन, मग कॅल्क्युलस एक-दोन-तीन, दर क्वार्टरला एकच कडी, उडी मारता येत नाही. जानेवारी २०२३ ला सुरुवात करून बारावीच्या जूनपर्यंत मला पाचच क्वार्टर मिळणार होते आणि कड्याही पाच. एक पायरी खाली बसले असते तर कॅल्क्युलस तीन शाळेत असताना झालंच नसतं. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स डोक्यात असेल तर प्लेसमेंटकडे गंमत म्हणून बघू नका, सरळ अभ्यास करून जा.

आता फॉर्म. रनिंग स्टार्ट एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म असं लांबलचक नाव आहे, सगळे ईव्हीएफ म्हणतात. दर क्वार्टरला नवीन. त्यात शाळा लिहून देते की ही मुलगी शाळेत इतके विषय घेतेय म्हणून कॉलेजात कमाल इतके क्रेडिट फुकट, मग काउन्सेलरची सही, मुलाची सही, अठराच्या आतलं असेल तर पालकांची सही. दोन्हीकडचं मिळून १.४ एफटीईपर्यंत, म्हणजे एका पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या १.४ पटीपर्यंत, राज्य पैसे देतं, त्याच्या वर गेलात तर वरच्या क्रेडिटची ट्यूशन तुमच्या खिशातून. कॉलेजमध्ये १५ क्रेडिट म्हणजे पूर्ण वेळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गंमत ही की कॉलेज क्वार्टरवर चालतं, शाळा सेमिस्टरवर, दोघांची सुट्टी वेगळी, दोघांची गडबड वेगळी. विंटर क्वार्टरचं रजिस्ट्रेशन नोव्हेंबरात असतं, नव्या मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि आमच्या शाळेत एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं. माझा ईव्हीएफ सहीसाठी एका ट्रेमध्ये पडून राहिला तो थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपल्यावर हातात आला, तोवर इंग्लिश वन-ओ-वनचे सगळे चांगल्या वेळेचे वर्ग भरलेले, मी वेटलिस्टवर. वेटलिस्टला घाबरू नका मात्र. क्वार्टर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बरीच मुलं गळतात, रोज सकाळी उठून सीटीसीलिंक उघडून बघायचं (हे इथल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचं एकच पोर्टल आहे आणि ते वापरायला किती छान आहे याबद्दल मी काही बोलत नाही), जागा मिळते. मला मिळाली, दुपारी दोनची.

कॉलेज माझं कॅस्केडिया, बॉथेललाच. याची एक खासियत म्हणजे ते आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं बॉथेल कॅम्पस एकाच आवारात आहेत, लायब्ररीही एकच, त्यामुळे सोळा वर्षांची तुम्ही आणि युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाचा कुणीतरी एकाच टेबलावर बसलेले असता आणि कुणाला काही पडलेली नसते. रनिंग स्टार्टची मुलं म्हणून वेगळा वर्ग नसतो, हे अनेकांना माहीत नसतं. माझ्या इंग्लिशच्या वर्गात माझ्यासारख्या तिघीचौघी, दोन मुलांची एक आई, आणि एक काका, जे बोईंगला रात्रपाळी करून थेट वर्गात यायचे. पीअर रिव्ह्यूला, म्हणजे एकमेकांचं लिखाण वाचून मत द्यायला, माझी जोडी त्यांच्याशी लागली. सांगलीत निबंध म्हणजे गाईडमधली सुरुवात, दोन सुभाषितं, शेवटी 'म्हणूनच म्हणतात ना', तसंच मी इंग्लिशमध्ये लिहून नेलेलं. काकांनी लाल डोळ्यांनी दोन पानं वाचली, पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, यातलं तुला स्वतःला काय वाटतं ते कुठे आहे? मला राग आला होता. मग घरी जाऊन परत वाचलं तर खरंच कुठेच नव्हतं.

प्रोफेसरांना नावाने हाक मारायची हे मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी 'एक्सक्यूज मी'वर दीड वर्ष काढलं. ऑफिस अवर्सना (प्रोफेसर भेटायला ठेवतात त्या वेळेला) मात्र जात जा. तिथे कुणी येत नाही, प्रोफेसर बाई बसलेल्याच असतात, आणि कॅल्क्युलसचं जे वर्गात डोक्यावरून जातं ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

विंटरला वर्ग साडेचारला सुटायचा तेव्हा अंधार पडत आलेला असायचा आणि त्याच वेळी कावळे यायचे. अतिशयोक्ती नाही, हजारोंनी. बॉथेल कॅम्पसच्या पाणथळीत थंडीच्या दिवसांत आसपासच्या गावांतले कावळे रात्रीच्या मुक्कामाला येतात, आभाळ काळं होतं, छपरं, दिव्याचे खांब, सगळं भरून जातं, बघायला मुद्दाम लोक येतात. मी आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं पितृपक्षात इकडे एक मिळत नाही, तासतास पान ठेवून बसावं लागतं, तिकडे काय करताहेत एवढे?"

खर्चाचं सांगते. ट्यूशन शून्य, पण कॉलेजच्या किरकोळ फिया, लॅब फी आणि पुस्तकं आपली. पुस्तकं महाग असतात, केमिस्ट्रीचं एक पुस्तक आणि ऑनलाइन होमवर्कचा कोड बघून आईने रुपयांत गुणाकार केला आणि पाणी प्यायली. ज्या सेक्शनला फुकटचं ओपन टेक्स्टबुक आहे तो सेक्शन शोधायचा, लायब्ररीत रिझर्व्हवर प्रत असते ती बघायची, उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते त्याचा अर्ज करायचा. बसला पैसे पडत नाहीत, सप्टेंबर २०२२ पासून इथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवास मोफत आहे, ऑर्का कार्ड टॅप केलं की झालं. गाडी नसल्याने माझं काही अडलं नाही.

बाबांचं मात्र अडलं. पहिल्या क्वार्टरला ग्रेड कळायला उशीर होतोय म्हणून त्यांनी कॉलेजला फोन केला. फर्पा नावाचा १९७४ चा केंद्रीय कायदा आहे, मूल कॉलेजात शिकायला लागलं की वय काहीही असो, कॉलेजच्या रेकॉर्डवर हक्क त्याचा, कॉलेजने मुलाच्या लेखी परवानगीशिवाय आईवडिलांना सांगणं बंधनकारक नाही आणि सहसा सांगतही नाहीत. पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं की तुमची मुलगी इथे आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही. बाबा फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "दहावीचा तुझा निकाल तुझ्या आधी मी बघितला होता, आणि आता तू आहेस की नाही हेच यांना माहीत नाही?" मी तोपर्यंत पोर्टलवर ग्रेड बघून बसले होते, चांगली होती, तरी दोन मिनिटं सांगितली नाही.

ग्रेडची दुसरी बाजू गंभीर आहे. ही ग्रेड कायमची, हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या मार्कशीटवर) पण आणि कॉलेजच्या पण. सोळाव्या वर्षी एखाद्या क्वार्टरला डेंग्यूसारखं आजारपण आलं, घरात काही झालं, आणि कोर्स बुडाला, तर तो नंबर पुढे प्रत्येक ॲडमिशनला दिसतो. सुरुवातीच्या दिवसांत कोर्स सोडला तर काही दिसत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो. त्या तारखा कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवायच्या.

आता मूळ मुद्दा. वॉशिंग्टनच्या कम्युनिटी कॉलेजांत ज्या कोर्सच्या नावात अँडचं चिन्ह असतं, मॅथ अँड १५१, इंग्लिश अँड १०१, तो राज्यभरातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत एकसारखा धरला जातो. मी भोळेपणाने नाही, ॲडव्हायझरने सांगितलं म्हणून शक्यतो असेच घेतले. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची एक इक्विव्हॅलन्सी गाईड आहे ऑनलाइन, त्यात प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक कोर्स त्यांच्याकडे कशाच्या बरोबरीचा ते दिलेलं असतं. समोर खरा नंबर असेल तर उत्तम: माझं कॅल्क्युलस एक, दोन, तीन सरळ तिथलं १२४, १२५, १२६ झालं. आणि समोर वन-एक्सएक्स लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, क्रेडिट घेतो, पण आमचा असा कोर्स नाही, इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून मोजू. म्हणजे एकूण बेरजेत धरलं जातं, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) अटींमध्ये नाही.

बारावी संपली तेव्हा माझ्याकडे ७० क्रेडिट्स होते. डिग्रीला १८० लागतात. बाबांनी एक्सेल शीट केली, उरले ११०, वर्षाला ४५ म्हणजे अडीच वर्षांच्या आत डिग्री, रेसिडेंट (राज्यातल्या रहिवाशांची) ट्यूशन वर्षाला १३ हजार डॉलरच्या आसपास, इतके वाचले, खाली ठळक अक्षरात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या ओरिएंटेशनला ॲडव्हायझरसमोर बसल्यावर तिने माझी शीट उघडली आणि वेगळीच मोजणी सुरू केली. मला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. त्यात फिजिक्सची तीन कोर्सची साखळी, जी मी केली नव्हती, मग स्टॅटिक्स, मग मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स, एकामागे एक. हातात कितीही जनरल क्रेडिट असू दे, ही साखळी तिच्याच चालीने चालणार. सोशल सायन्स, आर्ट्स, इंग्लिश सगळं सुटलं, कॅल्क्युलस सुटलं, आणि तरी वाचलं ते एकच वर्ष. माझ्या बरोबरच्या एका मुलीने डायरेक्ट ट्रान्सफरची असोसिएट डिग्री पूर्ण ९० क्रेडिट्सची केली, तिला सोशल सायन्समध्येच मेजर करायचं होतं, राज्यातल्याच दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेली, तिची खरोखर दोन वर्षं वाचली. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी वेगळी असोसिएट ऑफ सायन्स ट्रान्सफर डिग्री असते, तिच्यात फिजिक्स आधीच घ्यायला लागतं. आणि वर्गातला एक हुशार मुलगा पूर्वेकडच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीत गेला, त्यांचा नियम असा की जो कोर्स हायस्कूल डिप्लोमासाठी वापरलाय त्याला आम्ही क्रेडिट देणार नाही. बऱ्याच खाजगी ठिकाणी असंच आहे. त्याची दोन वर्षांची मेहनत ॲडमिशनला उपयोगी पडली असेल, क्रेडिट म्हणून शून्य.

अजून एक, कितीही क्रेडिट असले तरी शाळेतून थेट जाताना युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला अर्ज फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी) म्हणूनच करावा लागतो, निबंधबिबंध सगळं. ट्रान्सफरच्या रांगेत उभं राहता येत नाही.

माझ्यासाठी ते एक वर्ष मात्र सोन्याचं आहे, आणि हे एच-फोरवाल्या (एच-वनवाल्यांच्या बायकामुलांचा व्हिसा) घरांना वेगळं सांगायला नको. बाबांच्या ग्रीनकार्डचा नंबर कधी लागेल ते देव जाणे, आणि एकवीस पूर्ण झाली की माझा एच-फोर संपतो. ती तारीख २०२७ च्या सप्टेंबरात आहे, डिग्री जूनमध्ये. चार वर्षं लागली असती तर शेवटच्या वर्षी स्टेटस बदलण्याची धावपळ आणि परीक्षा एकत्र आली असती. पुढे नोकरीसाठी करायची ती भानगड आहेच, पण निदान शिक्षण मधे तुटत नाही.

आता भाऊ दहावीत आहे आणि घरात परत तीच चर्चा. त्याचं माझ्यासारखं नाही, त्याला शाळा आवडते, रोबोटिक्सची टीम आहे, मित्र आहेत. मी काही त्याच्या मागे लागलेली नाही. पूर्ण वेळ कॉलेजला गेलं की शाळेत तुम्ही पाहुणे होता, वर्षाच्या फोटोत पण शोधावं लागतं. त्याच्या शाळेत 'कॉलेज इन द हायस्कूल' आहे, म्हणजे शाळेचेच शिक्षक शाळेतच युनिव्हर्सिटीचा कोर्स शिकवतात, २०२३ च्या कायद्यामुळे सरकारी युनिव्हर्सिट्या आता त्याची फी घेत नाहीत. एपी आहेतच, पण तिथे क्रेडिटसाठी मे महिन्यातल्या एका परीक्षेवर सगळं, इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत पाचपैकी ३ स्कोअर आला तरी काही ना काही क्रेडिट देतात, पण कशाचं देतात ते परत गाईडमध्येच बघायचं.

त्याचं सध्या ठरतंय ते असं की फिजिक्स आणि गणित कॉलेजात, बाकी शाळेत, आणि तीन वाजता रोबोटिक्सला परत हजर. फिजिक्सची लॅब एक पन्नासला सुटते, बस दोन-पाचला, ती मिळाली तर पोचतो. आई परवा स्वतः त्या बसने जाऊन बघून आली, म्हणाली जमतंय, फक्त त्याला रमतगमत चालायची सवय सोडावी लागेल.